अम्माचं कोलम आणि तुझी पावडर

प्रिय चोक्कू,

‘प्रिय’ लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. मनातलं लिहायचं तर पहिलाच शब्द खोडावा लागला असता. शुक्रवारी अप्पांच्या श्राद्धाला कारैक्कुडीत आले, तेव्हा तुझ्या दुकानावरची नवी पाटी पाहिली. ‘डोळ्यांची प्रतिकारशक्ती वाढवा. साठीनंतर रोज दोन चमचे.’ शेजारी तुझा हसरा फोटो. आपल्या कुळात इतका निर्लज्ज फोटो आजवर कुणी काढून घेतला नव्हता. आणि तू एवढा भाविक कधी झालास रे? श्राद्धाला समोर बसलास तर विभूती थेट भुवईपर्यंत थापलेली, डावा डोळा लाल. विचारलं तर म्हणे फोडणीतली मिरची उडाली.

दान केलेले डोळे चिरून काचपट्ट्यांवर लावण्यात मदुरैच्या रुग्णालयात माझी एकतीस वर्षं गेली. अम्मा अजून म्हणते, “डोळे कापून कापून ही पोरगी दगड झाली.” त्या दगडाने काय पाहिलं ते ऐक. म्हातारपणी डोळ्याच्या पडद्यामागे पिवळट कचरा साठतो. शरीराचे राखणदार, ज्यांना तू शक्ती म्हणून डब्यात भरतोस, ते त्या कचऱ्यावर चवताळतात आणि शत्रू समजून स्वतःचंच घर पोखरतात. मग तिथे नको त्या रक्तवाहिन्या उगवतात, गळतात, आणि नजरेचा नेमका मधला भाग जातो. ज्यांचे राखणदार आधीच पिसाळलेत त्यांना तू म्हणतोस, त्यांना आणखी पिसाळवा! नशीब एवढंच, की तुझ्या पावडरीत कसलीच शक्ती नाही. शेवग्याची वाळलेली पानं आणि साखर; मी चाखून पाहिली आहे.

गेल्या मार्गळी महिन्यात अम्माने दारात तांदळाच्या पिठाने एकवीस ठिपक्यांचं कोलम घातलं आणि मधल्या रेषा वाकड्या आल्या. ब्याऐंशीची बाई, सत्तर वर्षं हात चुकला नव्हता. मी त्याच दिवशी म्हटलं, मदुरैला चल, डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल. तू झोपाळ्यावर पाय पसरून म्हणालास, “अक्का, वय झालं की रेषा वाकणारच. सुई खुपसून घेतली तर उरलेलंही जाईल. अम्मा, तू माझी पावडर घे.” तिने घेतली, दुधातून, तुझं कौतुक करत. सहा महिन्यांत उजवा डोळा गेला. तू म्हणालास, पावडर सुरू करायला उशीर झाला. तेव्हाच तुझ्या तोंडात तो डबा कोंबायला हवा होता.

श्राद्धाच्या दिवशी दारात कोलम नसतं, म्हणून ती शनिवारी सकाळी बसली. उरलेल्या डाव्या डोळ्याने ठिपके मांडले, रेषा ओढल्या. समोरची विशालाक्षी हसली, “काय हो आच्ची, कोलमात साप शिरला की काय?” अम्माही हसली आणि पायाने सगळं पुसून टाकलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “चोक्कूला सांगू नकोस. त्याच्या औषधाला कमीपणा येईल, वाईट वाटेल त्याला.” मी तिला मदुरैला चल म्हणून हात जोडले. ती म्हणाली, चोक्कू नको म्हणतो ना!

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. निवृत्त झाले तरी दर गुरुवारी मी काचपट्ट्या तपासायला रुग्णालयात जाते. श्राद्धाच्या आदल्या दिवशी जिना चढताना दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर हिरवी टोपी घातलेला माणूस दिसला. डाव्या भुवईवर जांभळ्या शाईची खूण, सुई कोणत्या डोळ्यात द्यायची ते कळावं म्हणून करतात ती. नर्सने हाक मारली, “चोक्कलिंगम! पाचवं इंजेक्शन, आत या.” मी खांबाआड झाले, तुझी लाज मलाच वाटली. पाच, चोक्कू. स्वतःच्या डोळ्याला सुई आणि आईच्या डोळ्याला शेवगा. तुझी पाटी राहू दे, फोटोही राहू दे, मी कुणाला काही सांगणार नाही. मी सांगून अम्माला पटायचंही नाही, तिचा विश्वास तुझ्यावर आहे. बुधवारी सकाळी आठची वेळ तिच्या नावाने घेतली आहे. डॉक्टर म्हणाले, तिचा डावा डोळा वाचवायला हातात फार तर काही आठवडे आहेत. विभूती पुसून तिच्यासमोर बस आणि स्वतःच्या तोंडाने सांग, “अम्मा, मी पाच घेतली.” डाव्या डोळ्याने तिला तुझा चेहरा अजून दिसतो आहे, तोवर सांग.

कितीही नको वाटलं तरी तुझीच,
उमैयाळ अक्का