हिची समजूत पटेपर्यंत

३ तारीख, सकाळ
गृहनिर्माण कचेरीचं पत्र. पोरं केव्हाच उडून गेली, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचं हे सरकारी भाड्याचं घर मोठ्या कुटुंबाला द्या. बदल्यात तळमजल्यावर दोन खोल्या घ्या, भाडं निम्मं. वीस तारखेपर्यंत होकार आला नाही, तर त्या खोल्या दुसऱ्याला.
आपण तयार! माणसानं पाखरासारखं असावं. प्रश्न हिचा. एकतीस वर्षांचा संसार. हळूहळू सांगावं लागेल.

५ तारीख
सांगितलं नाही. भाजी निवडत होती. अशा वेळी धक्का देऊ नये.
घराच्या निरोपाची कविता लिहायला घेतली. शार्दूलविक्रीडित. पहिली ओळ झकास. दुसरी उद्या.

९ तारीख
नव्या खोल्या गुपचूप पाहिल्या. बस दारात, दवाखाना समोर. पण खिडकीतून झाड नाही, पाण्याची टाकी दिसते. हिला ती टाकी सोसायची नाही.
दुपारी ही बाजारातून आली. कठड्याला धरून, दर चार पायऱ्यांना थांबत. गुडघे म्हणाली. मला कळतं. जिन्यावर इतकी माया!

१४ तारीख
कचेरीत नकाराचा फॉर्म दिला. कारण : पत्नीच्या मनाची तयारी नाही. कारकूनबाई म्हणाल्या, आजोबा, आजींना विचारलंत का? म्हटलं, फार हळवी आहे हो ती.

१५ तारीख
बाईंनी हिलाच फोन केला. याला काय म्हणावं! ही त्यांना म्हणाली, अगं, उद्याच येते सही करायला. मग माझ्याकडे वळून, अहो हळवे, माझ्या गुडघ्यांना कधी विचारलंत?
वरवर चिडली. आतून पार कोसळलीय बिचारी.

१९ तारीख, सकाळ
टेम्पो गेला. हिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. डोळे दाखवायचे नसतील. दुसरी ओळ जुळेपर्यंत मी इथंच बसतो म्हटलं. बरं, म्हणाली. किल्ली उद्या द्यायची आहे.
हिला तिथं करमायचं नाही. दुपारपर्यंत येईल परत.

१९ तारीख, साडेचार
हिचा फोन. म्हटलंच होतं! विचारलं, करमत नाही ना?
म्हणाली, नव्या शेजारणी चहाला आल्यात, एक खुर्ची कमी पडतेय. तुम्ही बसलायत ती घेऊन लगेच या.
म्हटलं, आणि मी कुठं बसू?
तर म्हणे, तुम्ही कशाला बसताय? कविता उभं राहूनच म्हणतात ना?