तुझी राहून गेलेली इद्दत

प्रिय अम्मी,

काल तुला जाऊन चाळीस दिवस झाले, तुझा चाळिसावा झाला. आज सकाळी दुकानाचं कुलूप काढायला गेले. एक गोष्ट तुला सांगायची राहिलीय. ती सांगितल्याशिवाय उंबरा ओलांडवेना, म्हणून पायरीवरच बसून लिहितेय. मराठीतच लिहितेय, रागावू नकोस. 'सरकारी कागद अब मराठी में आते, तू वोच पढ' म्हणत मला मराठी शाळेत तूच घातलंस ना?

पोलीस ॲक्शन झाली, निजामाची फौज मोडली आणि अब्बांच्या बुटांना गिऱ्हाईक उरलं नाही. 'दोन महिन्यांत बोलावतो' म्हणून ते कराचीला गेले. मी तेव्हा तुझ्या कडेवर होते. त्यांच्या बुटांची वरची शिलाई घरात बसून तूच करायचीस, हे आपल्या शहागंज मोहल्ल्यात कुणाला ठाऊक होतं? तू बंद दुकान उघडलंस, मधे जाड पडदा टांगलास आणि त्याच्यामागे आरी घेऊन बसलीस. गिऱ्हाइकानं पडद्याखालून पाय आत सरकवायचा आणि तू माप घ्यायचीस. लोक हसले. हसेनात का! चेहरे तुला माहीत नसायचे, पण एकदा पाहिलेला पाय तू कधी विसरली नाहीस.

छावणीकडच्या त्या पोलीस हवालदाराचा मळका पाय आत आला तेव्हा काय बोलली होतीस, आठवतं? "आधी पाय धून या दादा. घोड्याचंबी माप घेईन, पर असल्या पायाचं नाय!" बाहेर हशा, आणि तो बिचारा मुकाट नळावर. पुढं पोलिसांच्या बुटांचा ठेका तुझ्यापर्यंत त्यानंच आणला.

आणि अब्बांचा पाय? ज्या लाकडी पायावर बूट बेततात ते त्यांचं कलबूत तू निराळं ठेवलं होतंस. वय वाढलं की पाय पसरतो, म्हणून जुन्या गिऱ्हाइकाच्या कलबुताला चामड्याची पट्टी चिकटवतात. तू दर ईदेला अब्बांच्या कलबुताला एक पातळ पट्टी लावायचीस. "अब चालीस के हो गए, पाव फैल्या होएंगा," असं म्हणायचीस.

आता सांगते. ठेक्याचे तीनशे जोड चालू होते तेव्हा कराचीहून कार्ड आलं. मी सोळा वर्षांची होते. तुला वाचता येत नव्हतं, मदरशात शिकलेल्या उर्दूवर कार्ड मीच वाचून दाखवायचे. "क्या लिखे?" चामडं कापायची रापी न थांबवता तू विचारलंस.

शेजाऱ्यानं लिहिलं होतं, अब्बा वारले.

अम्मी, मी म्हणाले, "खैरियत है. तुमको याद करते."

नवरा गेला की बाईनं इद्दतीत बसायचं, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. आणि चामडं कापणारा हात एकट्या तुझा. तू बसली असतीस तर ठेका गेला असता, चार कारागिरांच्या चुली विझल्या असत्या. आणि खोटं कशाला बोलू, माझं मॅट्रिकही राहिलं असतं. माल पोचला की सांगायचं, असं मी ठरवलं होतं, अल्लाची शपथ! त्या दुपारी तू किती खुशीत होतीस! गुणगुणत कापत होतीस.

माल पोचला. दुसरा ठेका आला. ईद आली, तू पट्टी लावायला बसलीस आणि गोंदाची वाटी मीच धरली. एका मेलेल्या माणसाचा पाय तू वाढवत होतीस आणि मी नुसती बघत होते. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. नाही बोलले. मग इतका उशीर झाला की सांगणंच मोठं पाप वाटायला लागलं. ते दुःख तुझ्या हक्काचं होतं आणि मी ते चोरलं.

पण तूही कमाल केलीस! पुढं इतक्या वर्षांत एक कार्ड नाही, आणि तुला शंका आली नाही? पोरीवर एवढा भरवसा कुणी ठेवतं का गं?

शेवटी माझा हात धरून म्हणालीस, "उनो आए तो चाबी देना. दुकान उनकीच है." त्यांचं? ते गेले तेव्हा तिथं चार आऱ्या आणि कोळ्याची जाळी होती. दुकान तुझं होतं अम्मी, पहिल्या टाक्यापासून तुझं! हेही मला तेव्हा बोलता आलं नाही. मी नुसती मान हलवली.

मौलवीसाहेबांना विचारून आले. ते म्हणाले, इद्दतीची मुदत तेव्हाच उलटली, आता कुणावर काही लागू नाही. त्यांचं बरोबरच असेल. माझा जीव मानत नाही.

म्हणून तुला शब्द देते. आजपासून चार महिने दहा दिवस दुकान उघडणार नाही. कारागिरांच्या चुलींचा घोर लावून घेऊ नकोस, ती जबाबदारी माझी. तू असतीस तर 'माल कौन पोचाएंगा?' म्हणून माझ्यावर ओरडली असतीस, ठाऊक आहे मला. गिऱ्हाइकं येतील, बंद का म्हणून विचारतील. या वेळी मी खरं सांगेन. सांगेन की माझे अब्बा वारले, आणि अम्मी इद्दतीत बसलीय.

तुझी गुन्हेगार लेक,
शमीम