साखर नावाच्या मांजराबाबत

मी, सत्यशीला हनुमंत भापकर, वय एकोणसत्तर, धंदा शिवणकाम, राहणार केडगाव, अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून नाही आणि कोणाला घाबरूनही नाही. मला दमा आहे, डोक्याला काही झालेले नाही. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे.

कलम १. शिवणाचे मशीन व दोन्ही कात्र्या नात ज्ञानेश्वरी हिला द्याव्यात. मोठ्या कात्रीने कागद कापू नये.

कलम २. पुतण्या हर्षल यास काहीही देऊ नये. त्याचा नगरमध्ये मांजरांचा धंदा आहे. आमच्या मालकांना मांजराची भारी हौस, आणि मला मांजर नुसते जवळ आले तरी डोळे चुरचुरायचे. हर्षल एक पांढरे पिल्लू घेऊन आला. म्हणाला, "काकू, ही सायबेरियन जात. हिची ॲलर्जी होतच नाही." ते निघाले पर्शियन. पुढे डॉ. मोनिका लगड यांनी समजावले की त्रास केसांचा नसतो, मांजराच्या थुंकीचा आणि कातडीचा असतो; पूर्ण निर्धोक अशी जात कुठलीच नाही. तोवर साखर घरची झाली होती. मालक तिला मांडीवर घेऊन टीव्ही बघत, मी गोळी घेऊन शेजारी बसे. शिवायला बसले की ती माझ्या डाव्या हातावर हनुवटी टेकायची. तिथे लाल चट्टा उठायचा.

कलम ३. दीर भिमाजी, राहणार मिरजगाव, यांना मालकांची मोटारसायकल. मालक गेल्यावर माझा दमा इतका वाढला की दवाखान्यात ठेवावे लागले. मुलगा रविराज म्हणाला, "आई, आता मांजर घरात नको." भिमाजींनी साखरला शेतावर नेले आणि नीट सांभाळले. दिवाळीनंतर एका दुपारी त्यांचा फोन आला. "वहिनी, साखर गेली. हायवेला टेम्पोखाली आली. मीच पुरली बांधावर. अंग अजून गरम हुतं."

फोन ठेवला आणि मला शिंक आली. संध्याकाळी डाव्या हातावर चट्टा होता, हनुवटीएवढा.

कलम ४. राहते घर रविराज याचे. अट एकच, ज्ञानेश्वरीने या घरात राहू नये. तिची छाती माझ्यावर गेली आहे. डॉक्टर म्हणाल्या होत्या, मांजर गेले तरी त्याचा अंश घरात काही महिने राहतो. मी भिंतींना रंग दिला, गाद्या आणि पडदे बदलले, कोच देऊन टाकला. वर्ष उलटून गेले. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत नात पुण्याहून आली. साखर गेल्याचे तिला कोणी सांगितले नव्हते. भर दुपारी मी खुर्चीत बसले होते. पोर दारातच थांबली. डोळे सुजलेले, घशातून शिट्टी वाजत होती. म्हणाली, "आजी, साखरला खाली ठेव ना. मला श्वास घेता येत नाहीये."

माझ्या मांडीवर काही नव्हते. पण साडी तेवढ्याच जागी दबलेली आणि उबदार होती. मी घाबरून मांडी झटकली. जरा वेळाने तिची शिट्टी थांबली. त्याच दिवशी मी तिला पुण्याला परत धाडले.

रविराज, तू फोनवर हसलास. हस. पण घर विकताना घेणाऱ्याला आधी विचार, घरात दम्याचे कोणी आहे का.

कलम ५. गोळी घेतली की शिंका थांबतात, हातावर काही उठत नाही, आणि मग घरात खरोखरच कोणी नसते. ते मला सोसवेना. पावसाळ्यापासून मी गोळी सोडली आहे. डॉक्टरीणबाई रागावल्या, पाया पडायच्या बाकी राहिल्या. माझ्या मरणाचा बोल त्यांना कोणी लावू नये.

कलम ६. माझे दिवस घालताना खर्च करू नये. मला बाहेर काढल्यावर दार लगेच ओढून घेऊ नका. उंबऱ्यापासून जरा बाजूला उभे राहा. कोणाला माझ्यामागे निघायचे असेल, तर वाट असू द्या.

हे मी वाचून पाहिले. सगळे माझ्या मनासारखे आहे.

सही: सत्यशीला हनुमंत भापकर

साक्षीदार (दोघांसमक्ष सही झाली):
१. डॉ. मोनिका लगड, केडगाव
२. सूर्यभान कर्डिले, शेजारी, केडगाव

ठिकाण: केडगाव, अहिल्यानगर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५