पिची रिचीच्या चढावर

३ फेब्रुवारी, मंगळवार

घाटात गाडी उकळली! पोर्ट ऑगस्टाहून परत येताना, पिची रिचीच्या ऐन चढावर. क्लाइव्ह शेजारी डोळे मिटून बसलेला. डायलिसिसच्या मशीनवरून उठला की तो असाच असतो – पिळून टाकलेल्या फडक्यासारखा. काटा लाल पट्टीला टेकला तशी मी ओरडलेच. त्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"हीटर लाव. पूर्ण."

बाहेर अंगाची लाही होत होती. म्हटलं, "डोकं फिरलंय का तुझं?"

"इंजिनातली गरमी आत येऊ दे. लाव म्हणतो ना!"

लावला. खिडक्या उघड्या टाकल्या तरी तोंडावर भट्टी. काटा जरा उतरला, पुन्हा चढला. शेवटी एका झाडाखाली थांबलो. बॉनेटमधून वाफ, कसलासा गोडसर वास. मी झाकण उघडायला गेले तर आतून आवाज आला – "हात लावू नकोस त्याला! भाजून निघशील."

गार व्हायची वाट बघत बसलो. प्यायचं पाणी रेडिएटरच्या पोटात गेलं. रांगत रांगत घरी. त्याचे ओठ कोरडे पडले होते आणि त्याला पाणीसुद्धा मोजूनच प्यायचं असतं. रस्त्यात त्याला काही झालं असतं तर? तिथे फोनसुद्धा लागत नाही.

४ फेब्रुवारी

क्लाइव्हने खुर्ची शेडमध्ये न्यायला लावली. आयुष्यभर कौन्सिलची रस्ते सपाट करायची यंत्रं चालू ठेवली या माणसाने. आता वाकता येत नाही, आणि डाव्या हातात सुया टोचतात म्हणून त्या हाताने जड उचलायचं नाही. बसून नुसता बोट दाखवतो.

रेडिएटरच्या वरच्या टाकीला केसाएवढी चीर. आत पाणी नव्हे, करपलेला चहा! पंपाखाली पांढरट डाग – म्हणजे तोही गळतोय. "होज पाइप दाबून बघ." दाबले. पावासारखे मऊ. "सगळंच बदलायचं. एक नवीन आणि बाकी जुनं ठेवलं तर उरलेलं महिन्याभरात फुटेल."

म्हटलं, मर्व्हला बोलावते. मर्व्ह पलीकडच्या मेंढवाड्याचा मालक, ट्रॅक्टर खोलून जोडतो तो.

"मर्व्ह नको. तू करायचंस."

"मी?"

"हात आहेत ना तुला?"

रागच आला. स्वयंपाक माझा, औषधं माझी, आठवड्यातून तीनदा शंभरावर किलोमीटर जायचं-यायचं गाडी चालवणं माझं. आता हेही! ताटं आदळत धुतली. मग ॲडलेडला फोन करून सामान मागवलं. टपालाच्या ट्रकने येईल.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मर्व्हच्या गाडीतून ऑगस्टाला. त्याचं तोंड रस्ताभर चालू.

"म्हाताऱ्या, ती गाडी कोंबड्यांना देऊन टाक. निदान अंडी तरी मिळतील."

"तुझ्या मेंढ्यांपेक्षा जास्त चाललीय ती," क्लाइव्ह म्हणाला.

"आणि तुझ्यापेक्षाही!"

मी दचकले. पण क्लाइव्ह हसला. खरंखुरं, खांदे हलवून. किती दिवसांनी ऐकलं ते हसणं! मर्व्हच गोरामोरा झाला.

रोवेना आज कामावर होती, बरं वाटलं. मनिलाची आहे ही नर्स. सुई टोचताना त्याच्याशी बोलत राहते, त्याला कळतही नाही. तिने त्याचं वजन लिहिलं आणि माझ्याकडे बघून उगीचच हसली.

८ फेब्रुवारी, रविवार

रेडिएटर निघाला! पण काय हाल! आधी खालचा नळ सोडून सगळं पाणी पातेल्यात काढलं. कुत्र्याला बांधून ठेवायला लावलं क्लाइव्हने – ते पाणी गोड लागतं आणि विषारी असतं. मग पंख्याभोवतीचं कव्हर. मग बोल्ट. एक बोल्ट हलेचना.

"उलटा फिरवतेस."

"नाही!"

"ग्लेनिस, उलटा फिरवतेस."

"मग ये ना तू! ये आणि कर!"

बोलून गेले. तो मांडीवर ठेवलेले आपले हात बघत राहिला. मग म्हणाला, "तेल सोड त्यावर आणि चहा पिऊन ये." चहा पिऊन आले. बोल्ट सुटला. मी खरंच उलटाच फिरवत होते.

दोन्ही हातांची बोटं सोलवटलीत. जुना रेडिएटर शेडच्या भिंतीला टेकवलाय. जाळीत किती टोळ अडकलेत, बापरे!

९ फेब्रुवारी

सामान आलं. रेडिएटर बरोबर, पंप बरोबर, खालचा होज पाइप भलत्याच इंजिनचा! पुन्हा फोन. पुन्हा वाट.

१० फेब्रुवारी

मर्व्हबरोबर ऑगस्टा. क्लाइव्हचे पाय सुजलेत. जेवलाही नाही, मटणाचा रस्सा तसाच फ्रिजमध्ये.

११ फेब्रुवारी, बुधवार

पंप बसवला. जुन्या पंपामागचा, सांधा बंद करणारा चिकटलेला कागद खरवडायलाच अर्धी सकाळ. मला वाटलं झालं. तो म्हणाला, बोट फिरवून बघ. खरंच, एक कण राहिला होता. "तेवढ्यातूनच गळेल."

थर्मोस्टॅट – इंजिन तापलं की पाणी सोडणारी झडप – बसवून झाल्यावर म्हणतो, "काढ आणि पुन्हा बसव."

"का? चुकलं काही?"

"नाही. या वेळी मी बोलणार नाही."

आणि खरंच बोलला नाही! डोळे मिटून बसला. मी पहिल्यांदा लहान छिद्र खाली धरलं, मग आठवलं – हवा निघायला ते वर पाहिजे. फिरवलं. बोल्ट आलटून पालटून आवळले, एकदम एकच नाही. मान वर केली तर तो बघत होता. "अगदी बरोबर." लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस 'अगदी' कधी म्हणत नाही. मी तोंड फिरवून पाना पुसत बसले.

१३ फेब्रुवारी

बरोबर पाइप आला. बसवला. काल मशीनवर त्याचं ब्लडप्रेशर खाली गेलं होतं, आज दिवसभर पडून आहे. खिडकीतूनच ओरडून सांगितलं त्याला. हात वर केला त्याने.

१५ फेब्रुवारी, रविवार

कूलंट भरलं. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू, हीटर चालू. बुडबुडे येतात, पातळी खाली जाते, पुन्हा ओतायचं. बराच वेळ तेच. क्लाइव्ह म्हणाला, हवा राहिली तर नव्या रेडिएटरचाही उपयोग नाही. मग वरचा पाइप गरम झाला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला! खाली पुठ्ठा टाकून ठेवलाय. एक थेंब नाही!

१६ फेब्रुवारी, सोमवार

घाटात नेऊन आणली. तो हट्टाने बरोबर आला, उशी पाठीशी घेऊन. ऊन तसंच, चढ तोच. माझं अर्धं लक्ष रस्त्यावर, अर्धं काट्यावर. काटा मध्यावर आला आणि तिथेच बसला. माथ्यापर्यंत हलला नाही!

वर गाडी थांबवली. वारा होता. त्याला उतरायचं होतं, मी आधार दिला. खाली सगळा पिवळा माळ. मला इतका आनंद झाला होता की मी नुसती बडबडत होते – आता मर्व्हची मनधरणी नको, उद्यापासून आपली आपण जाऊ. त्याने माझा सोललेला हात हातात घेतला आणि बघत बसला. "चांगलं काम केलंस, ग्लेन."

घरी येऊन रस्सा वाटीभर प्यायला. फार दिवसांनी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी उशी, ब्लँकेट, डबा, सगळं गाडीत ठेवलं. तो व्हरांड्यात बसलेला, पायात सपाता.

"बूट घाल. उशीर होतोय."

"मी येत नाहीये."

वाटलं, बरं नसेल. नाही. डायलिसिस कायमचं बंद करायचं म्हणतो. डॉक्टरांना गेल्या आठवड्यातच सांगितलंय, बायकोला मीच सांगेन असं त्यांना म्हणाला होता. पुढे काय होतं, किती दिवस उरतात, सगळं त्याने विचारून घेतलंय.

मी म्हटलं, मग ही गाडी कशाला करायला लावलीस माझ्याकडून?

"तुला लागेल ना."

दुपारी रोवेनाचा फोन आला. तो का आला नाही हे तिला माहीत होतं. मला कळलंय का, एवढंच विचारायचं होतं.

हो म्हटलं.