पाण्यावर तरंगलेलं शिसं

अण्णा, आज प्रयोगशाळेत मुलांना सोन्याचं पाणी दाखवलं, लालभडक. सोनं पिवळं असतं ना, असं एकीने विचारलंच. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके कण बारीक केले की रंग बदलतो, वितळायलाही कमी आच पुरते. धातू तोच, फक्त आकार लहान, असं तिला सांगितलं आणि पुढे मला शिकवता येईना. खोलीत येऊन तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली.

शेवगावात आपल्या परसात तुमची भट्टी होती. तुम्ही वैद्य, आणि तुमचा सगळा जीव शिशाच्या भस्मात. शिसं गोवऱ्यांत पुन्हा पुन्हा भाजायचं, दगडी खलात खलायचं, मग वाटीतल्या स्थिर पाण्यावर चिमूटभर सोडायचं. तरंगलं तर धातू मेला, औषध झालं. बुडलं तर कच्चं, फेकून द्यायचं. ते वर्ष दुष्काळाचं, प्यायला पाणी पुरत नव्हतं, तरी त्या वाटीवरून तुम्हाला कुणी बोलत नसे. स्वतःच्या मधुमेहावर तुम्ही रोज गुंजभर भस्म आवळ्याच्या रसातून घ्यायचात. मग पोटात मुरडा येऊ लागला, हिरड्यांवर काळसर रेघ उमटली, आणि उजवा पंजा मनगटातून लोंबू लागला. बत्ता उचलेना, म्हणून तो माझ्याकडे आला. मी पंधरा वर्षांची. जितकं बारीक तितका गुण, एवढंच तुम्ही शिकवलंत. माझ्या बोटांच्या रेषांत ती भुकटी भरून राहायची. ती बोटं उजेडात धरून एकदा म्हणालात, "माझ्यापरीस तुझा हात बरा हाय." त्याखेरीज माझं कधी कौतुक केल्याचं आठवत नाही. त्याचा मला अजून राग येतो.

एका दुपारी भाकऱ्या थापताना आईने मला जवळ बसवलं. तिला औषधातलं काही कळत नव्हतं, पण तुम्हाला घास भरवावा लागत होता तो तिलाच. तुम्ही तिचं ऐकणार नाही हे ती धरूनच चालली होती.

"ह्या खेपेचं जाडंच ठेव," ती म्हणाली. "बुडलं म्हंजी ते घेनार न्हाईत."

मी कबूल केलं. तिचं किती बरोबर होतं ते मला आता कळतं. जाड कण पोटातल्या आम्लात सावकाश विरघळतो. तेवढ्याच वजनाची धूळ केली की उघडा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो, आणि शिसं भराभर रक्तात उतरतं. तरंगण्यावरून भस्म बारीक झालं एवढंच समजत होतं, त्यातलं विष गेलं की नाही ते नव्हे.

ठरल्याप्रमाणे मी लवकर थांबले. तुम्ही डाव्या हाताने चिमूट चोळून पाहिलीत. "खरखरतंय. दमलीस व्हय?" एवढंच म्हणालात. ते मला फार झोंबलं. पुढचे दोन दिवस मी खांदे भरून येईपर्यंत खलत राहिले. भस्म पाण्यावर पसरलं, कणभरही खाली गेलं नाही. तुम्ही आईला हाक मारून ते दाखवलंत. तिने वाटीत पाहिलंच नाही, ती माझ्याकडे बघत होती. मी जाडंच ठेवलं होतं, कसं तरंगलं कळत नाही, असं मी तिला नंतर सांगितलं, आणि तिने ते मरेपर्यंत खरं मानलं.

त्या भस्माची बरणी संपायच्या आत तुम्ही गेलात. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणूनच लिहिते. तुम्ही आईला हाक मारलीत, तेव्हा मला आनंद झाला होता.