लाल पट्टी

प्रिय भिंगरी,

तुझं पार्सल मंगळवारी मिळालं. कमरेचा पट्टा नीट पोचला. तो मी दुकानातल्या कापायच्या टेबलावर ठेवलाय आणि पाच दिवस त्याच्याभोवती नुसत्या घिरट्या घालतोय. तुझी आई म्हणाली, ‘एवढा विचार करायला तो काय लग्नाचा पोशाख आहे?’ तिला वाटतं, मोठ्या पतंगाला स्वतःला बांधून घेऊन समुद्रात फळी पळवायचं तुझं हे खूळ मला पसंत नाही, म्हणून मी काम लांबवतोय. पसंत नाही हे खरंच. पण कारण दुसरं आहे, आणि त्याच्यापर्यंत पोचायला मला जरा फेरा पडणार आहे. बापाचं पत्र आहे, चालवून घे.

तू लिहिलंस की जुनं सामान घेतलंय, मैत्रिणीबरोबर व्हिडिओ बघून आपली आपणच शिकणार, कारण शिकवणाऱ्याच्या भरवशावर राहून दादाचं काय झालं ते आपण पाहिलंय. आणि खाली लिहिलंस की पट्ट्याच्या लाल पट्टीचं वेल्क्रो सारखं सुटतं, तेवढं पक्कं करून द्या, तुमच्या हातचं काम असलं की मला काळजी नाही. ते मी इतक्या वेळा वाचलं की कागद घडीवर फाटायला आलाय.

गुरुवारी मी मास्तरकडे गेलो. हो, दादाच्याच मास्तरकडे. चिडू नकोस, पुढे वाच. शिकवणं बंद केल्यापासून तो बोटी रंगवतो. चार वर्षांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. मला पाहून तो बोटीखालून सरपटत बाहेर आला, हात पुसले आणि बसायला रंगाचा डबा पालथा घातला. मी म्हटलं, पोरीला शिकायचंय, जिवाला धोका न होता सुरुवात कशी करायची तेवढं सांग. त्याने ब्रश रॉकेलात बुडवून ठेवला. मग म्हणाला, ‘काका, हे सांगून नाही कळायचं. उद्या सकाळी किनाऱ्यावर या.’

तर तुझा बाप वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पतंग उडवून आला. शिकाऊ पतंग तो, आपल्या जेवणाच्या टेबलावरच्या चादरीएवढा. मी मनात हसलो, आणि पाच मिनिटांत त्या चादरीने मला वाळूत तोंडघशी पाडलं. डोक्यावर सरळ उभा असतो तेव्हा तो गरीब गाय. वाऱ्याच्या दिशेने समोर खाली उतरला की त्याच्या अंगात येतं. मास्तर म्हणाला, या छोट्यावर हात बसेपर्यंत मोठ्याला शिवायचंही नाही, आणि फळी तर सगळ्यात शेवटी. आधी नुसतं पतंगाच्या ओढीने पाण्यातून जायला शिकायचं, आणि सामान बिघडलं तर परत किनारा कसा गाठायचा ते. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल त्या दिवशी पिशवीची चेनसुद्धा उघडायची नाही, कारण तो वारा घेऊन जातो, आणून सोडत नाही. पतंग ओढेल त्या दिशेला भिंत, खांब, दगड, माणसं काही नको. दोरी हाताला कधी गुंडाळायची नाही. हेल्मेट आणि तरंगतं जाकीट घालायचंच. केस विस्कटतात म्हणून कुरकुर करशील, ओळखतो मी तुला. आणि हे सगळं बघायला जाणता माणूस शेजारी हवा. व्हिडिओतला माणूस तुला हाक मारणार नाही.

पण मला सगळ्यात जड गेलं ते सोडणं. माणूस घाबरला की पतंगाच्या दोऱ्या बांधलेला हातातला दांडा छातीशी ओढतो, आणि ओढला की पतंग आणखी जोर करतो. घाबरल्यावर सोडायचं, एवढं एकच अंगात मुरवायचं असतं. मास्तर ओरडत होता, ‘काका सोडा, सोडा!’ आणि मी दात-ओठ खाऊन धरून बसलेलो. आयुष्यभर कापड ताणून धरलेला हात, तो कसला सोडतोय! शेवटी मी वाळूत बसून रडलो. मास्तर दुसरीकडे बघत दोऱ्या गुंडाळत राहिला.

दादाचा हिरवा पतंग आठवतो तुला? बेकरीच्या छपराचं उरलेलं पिवळं कापड मी त्याला ठिगळ म्हणून लावलं होतं. लोक हसायचे, पण त्याला त्याचं काही नव्हतं. आई खिडकीतून त्या पिवळ्या ठिपक्यावरून आपला मुलगा ओळखायची आणि मग कुकर लावायची. अजूनही पाण्यावर काही पिवळं दिसलं की ती हातातलं काम थांबवते. मी बघतो आणि बघितलं नाही असं दाखवतो.

आता लाल पट्टीचं. तुला ठाऊक आहे की दांडा सोडूनही भागलं नाही तर ती ओढायची असते. ओढली की वेल्क्रो सुटतं, आतली खिट्टी निघते आणि पतंग माणसापासून वेगळा होतो. म्हणून ती सुटायलाच हवी. वेल्क्रो झिजलं तर नवीन लावायचं. आणि प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, पतंग वर चढवण्याआधी ती एकदा वाळूत ओढून बघायची आणि परत लावायची. मास्तर प्रत्येक मुलाला ‘पट्टी ओढलीस का?’ विचारल्याशिवाय पाण्यात जाऊ देत नसे. त्या दिवशी त्याने दादालाही विचारलं होतं. हे मला परवा वाळूत बसलेलो असताना कळलं. दादा हसून म्हणाला होता, ‘कालच बाबांनी पक्की करून दिलीय.’ आणि मास्तरने त्याला जाऊ दिलं, कारण माझं काम तोही ओळखून होता.

भिंगरी, आदल्या संध्याकाळी दादा पट्टा घेऊन दुकानात आला होता. म्हणाला, बाबा, हे सारखं उघडतं, जरा बघा ना. वेल्क्रो संपलं होतं. ते आणायला बाजारात जावं लागलं असतं, आणि मला लोंबणारं काही दिसलं की राहवत नाही. ही पट्टी कशासाठी आहे, हे मी विचारलं नाही. ताडपत्रीच्या जाड दोऱ्याने आडवे सहा टाके घातले, उलटसुलट, आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी वारा अचानक वाढला. तो दोन्ही हातांनी ती पट्टी ओढत होता, हे किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी पाहिलं. धक्क्याच्या दगडांपर्यंत तो ओढतच होता. चौकशीला मास्तर एवढंच म्हणाला की तपासायचं माझ्याकडून राहिलं. लोक त्याच्यावर तुटून पडले, तू त्याच्याविरुद्ध सह्या गोळा केल्यास, आणि मी तुझ्या कागदावर सही केली. तोपर्यंत पट्टा घरी आला होता आणि मी तो पाहिला होता. एक टाका उसवला नव्हता. इतकं पक्कं काम मी आयुष्यात दुसरं केलं नसेल.

तुझा पट्टा मी शिवलेला नाही. आत्ताच कात्रीने मधोमध कापलाय, म्हणजे तो कुणाच्याच कमरेला जाणार नाही. हे पत्र टाकून घरी गेलो की आईला सगळं सांगणार आहे. ती काय म्हणेल माहीत नाही, आणि तू मला क्षमा करावीस असंही मी मागत नाही. मागणं एकच आहे. मी गप्प बसलो म्हणून शिकवणाऱ्यावरचा तुझा विश्वास उडाला, आणि त्यापायी तू एकटी पाण्यात उतरायला निघालीस. तशी उतरू नकोस. मास्तर तुला शिकवायला तयार आहे. त्याला पत्र लिही, हवं तर मला लिहू नकोस. नवा पट्टा घे, आणि रोज वाळूत उभी राहून आधी ती लाल पट्टी ओढून बघ. कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी ओढ. आणि कधी माझा हात लागलेलं काही अंगावर असलंच, तर दोनदा ओढ.

अजूनही स्वतःला तुझाच म्हणवणारा,
बाबा