बाबांच्या गाडीला टर्बो

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. सहा वर्षांपूर्वी जेवता जेवता तू म्हणाला होतास, "बाबांची गाडी माझ्या दारापर्यंत चढून आली, तर आईला खुशाल महिनाभर घेऊन जा." तू हसण्यावारी नेलंस, मी मनावर घेतलं. (भाड्याची गाडी चालणार नाही, हेही वर तूच जोडलंस.) तुझी पाठ कशी आहे? आईचे गुडघे? वहिनीला सांग, तिने दिलेला स्वेटर मला अजून होतो, श्वास रोखला की.

तर, गाडीला टर्बो बसवला. घाबरू नकोस. गाडी तीन लाख किलोमीटर पळालेली. तुझ्या चढावर दुसऱ्याच वळणाला तिला धाप लागते आणि सायकलवाले कीव करत पुढे जातात. नवी घेण्याची ऐपत नाही, म्हणून ह्यांनी भंगारातून एका टेम्पोचा टर्बो आणला. धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, एवढंच मला कळलं. गॅरेजवाले काका म्हणाले, "ताई, म्हाताऱ्याला धाप लागली तर त्याला खाली बसवतात, तोंडात पंखा नाही कोंबत." तरी बसवून दिला बिचाऱ्यांनी, दाब अगदी कमी ठेवून. हवेची नळी परवडेना, तिथे आमच्या वॉशिंग मशीनची लावली. (कपडे सध्या हाताने धुते.)

पहिला टर्बो नऊ दिवस टिकला. चूक माझी. तो तापून लाल होतो, म्हणून थांबल्यावर दोन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं असतं. पण आपल्याला शिकवलं कोणी? बाबांनी! पेट्रोल वाचवायला फाटकाआधीच इंजिन बंद करून गाडी घरंगळत आत आणायचे. मीही तेच केलं, नऊ दिवस, अभिमानाने. आतलं तेल जळून टर्बो जाम.

दुसरा बसवल्यापासून आम्ही दारात दोन मिनिटं नुसते बसून राहतो. हे दिवसाला चार शब्द बोलणारे. तिथे बोलायला लागलेत. परवा म्हणाले, गाडी शिकवताना बाबा एकदा ह्यांना रडू येईपर्यंत रागावले होते. लग्नाला वीस वर्षं झाली, मला हे ठाऊक नव्हतं.

गेल्या रविवारी सकाळी न कळवता तुझ्याकडे निघालो. दुसरं वळण आलं, टर्बोची शिट्टी वाजली आणि गाडीने पाठीत असा रेटा दिला की मी लहान पोरीसारखी हसले. एका सायकलवाल्याला मागे टाकलं! शेवटच्या वळणावर मात्र नळी फटकन सुटली, काळा धूर झाला आणि गाडी बंद पडली. तिथून तुझी बाल्कनी दिसते. आई उन्हात पाय पसरून बसली होती. तू कठड्यावरून ओरडलास, "टायर कोण जाळतंय रे?" आम्हीच ते. ओ द्यायचं धैर्य झालं नाही, तसेच घरंगळत मागे उतरलो.

सगळ्यांना यथायोग्य.

तुझी,
धाकटी

ता. क. शेवटचं वळण ते तुझं दार, एकशे दहा पावलं आहेत. उतरण्याआधी हे गुपचूप चालत जाऊन मोजून आले. पैज हरले, कबूल.

आणखी एक. खिडकीजवळचा पलंग आईसाठी रिकामा केलाय. तुझ्याच गाडीने तिला आणून सोडशील? महिना राहू दे, आठ दिवस तरी. तू नाहीच म्हणणार, मला माहीत आहे. तरी विचारते.